विजेवरची घरगुती बिअर: एक पातेलं पुरे, की तीन हवीत?

एकपातेली (धागाकर्ता)
अमेरिकेत घरी स्वतःपुरती बिअर करायची वाट १९७८च्या केंद्रीय कायद्याने मोकळी केली. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन. गॅरेजमध्ये विजेवरचा संच बांधायला घेतला की पहिला आराखडा हटकून तीन पातेल्यांचा निघतो: पाणी तापवायचं एक, माल्ट (मोड आणून सुकवलेलं धान्य) भिजवायचं दुसरं, उकळीचं तिसरं. वर दोन पंप, १५ मीटर स्टीलची गुंडाळी आणि नळ्यांचं जंजाळ. २० लिटरच्या घाण्यासाठी हा सगळा पसारा उगाच आहे असं माझं स्पष्ट मत.

१५ गॅलनचं, म्हणजे ५७ लिटरचं स्टीलचं पातेलं, २४० व्होल्टवर चालणारं ५५०० वॉटचं लांब वेटोळ्याचं एलिमेंट, माल्टसाठी जाळीदार पिशवी, खालचं पाणी वर फिरवायला एक पंप. बास.

हिशोब बघा. माल्ट ५ किलो, पाणी २९ लिटर. पिशवी पिळल्यावरही माल्ट साडेतीन लिटर धरून ठेवतं, तासाभराच्या उकळीत तेवढीच वाफ जाते, तळाच्या गाळात दीड लिटर. हाती २० लिटर. पाणी २० अंशांवरून ७० वर जायला १८-२० मिनिटं लागतात. ७० ला माल्ट ओतलं की ६७ वर स्थिरावतं. दळताना रोलरमधली फट ०.७५ मिमी ठेवा, आणि पिशवी एलिमेंटला टेकणार नाही अशी पायांची जाळी तळाशी हवीच.

निवळशंख
असहमत. हिशोब ५ किलोचा आहे म्हणून गोड दिसतो. इम्पिरियल स्टाउटसाठी (काळी, कडक बिअर) ९ किलो माल्ट घ्या: टपकती पिशवी १८ किलोच्या घरात जाते. ती छताला कप्पी लावूनच वर येणार.

खरी मेख फिरत्या प्रवाहात आहे. ०.७५ मिमीचं दळण म्हणजे जवळपास पीठ. ते पिशवीत बसतं, वरून पाणी झिरपत नाही आणि पंप मात्र खालचं वर्ट (माल्टचं गोड पाणी) ओढत राहतो. पाच मिनिटांत एलिमेंट उघडं पडतं, कोरडं तापतं आणि जातं. गव्हाच्या किंवा राय (rye) धान्याच्या बिअरमध्ये तर बारीक पीठ आणि प्रथिनं एलिमेंटवर बसून करपतात. तो धुरकट वास पुढे कशानेही जात नाही, अख्खा घाणा मोरीत.

तीन पातेल्यांत वर्ट गुंडाळीतून फिरतं, गुंडाळी गरम पाण्यात असते, पाणी मॅशपेक्षा (भिजत्या माल्टच्या मिश्रणापेक्षा) एक-दोन अंश वर. उकळीपर्यंत वर्टचा एलिमेंटशी संबंधच येत नाही. दळण १ मिमीचं चालतं, सालं अखंड राहतात, तीच गाळणी होतात. साखर ८० टक्क्यांच्या वर निघते, पिशवीत ७०-७५.

एकपातेली
कप्पीचं मान्य. छताला हूक लागतोच.

बाकी दोष पातेल्याचा नाही, नळ फिरवणाऱ्या हाताचा. पंपाचा प्रवाह बाहेरच्या तोंडाशी आवळायचा. आतल्या तोंडाशी आवळलात तर पंपात वाफेचे बुडबुडे धरतात. हे पंप स्वतःहून पाणी ओढत नाहीत, म्हणून पातेल्याच्या तोटीखालीच बसवायचे. मॅश चालू असताना एलिमेंट ३०-४० टक्क्यांच्या वर नेऊ नका. पिशवी काढल्यावर तळ एकदा ढवळा आणि मगच पूर्ण ताकद द्या.

आणि ते दहा टक्के? ५ किलोवर साधारण ६०० ग्राम माल्ट. तेवढ्यासाठी आणखी दोन पातेली घासायची?

एक उणीव मी स्वतःच सांगतो: मॅश पातळ, त्यातून नळाचं पाणी जड असेल तर मॅशचा पीएच ५.६च्या वर जातो. तेव्हा लॅक्टिक ॲसिडचे काही मिली मोजून घालावे लागतात.

अर्थिंगवाला
पातेली मोजून झाली असतील तर विजेकडे वळा. जीव तिथे जातो.

५५०० वॉट, २४० व्होल्ट म्हणजे २३ अँपिअर. ३० अँपिअरचा जीएफसीआय ब्रेकर, १० गेजची तांब्याची तार. तो ब्रेकर पाच-सहा मिलिअँपिअरची गळती दिसताच वीज तोडतो. ओल्या फरशीवर उभं राहून काम करायचंय, इथे काटकसर नको.

जुन्या घरांतल्या ड्रायरच्या तीन पिनांच्या सॉकेटला वेगळं अर्थिंग नसतं, दोन गरम (जिवंत) तारा आणि न्यूट्रल. त्यावर पातेलं जोडू नका. चार पिनांचं एल१४-३० घ्या. एल६-३०ला न्यूट्रल नसतो. मग लोक १२० व्होल्टचा पंप गरम तार आणि अर्थिंग यांच्यामध्ये जोडतात आणि ब्रेकर सारखा पडतो म्हणून ब्रेकरलाच शिव्या घालतात. तो त्याचं काम करतोय हो!

पीआयडीच्या (तापमान सांभाळणाऱ्या नियंत्रकाच्या) पुढचा एसएसआर, म्हणजे एलिमेंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, ४० अँपिअरचा घ्या. तो २५-३० वॉट उष्णता टाकतो, म्हणून त्याचा हीटसिंक डब्याच्या बाहेर, पात्या उभ्या. एसएसआर बिघडतो तेव्हा बहुधा चालू अवस्थेतच अडकतो. पीआयडी 'बंद' म्हणतो, इकडे पातेलं उतू जातं. शिवाय तो एकच गरम तार तोडतो, दुसरी एलिमेंटवर जिवंतच राहते. म्हणून आधी दोन्ही तारा तोडणारा काँटॅक्टर, आणि पातेल्याच्या धातूला अर्थिंग.

फ्लॅटमधला
गॅरेज नाही, २४० व्होल्टही नाही. १२० वर भागेल का?

अर्थिंगवाला
२० अँपिअरच्या लाइनवर १६५० वॉट. २९ लिटर पाणी ७० वर यायला तास, पुढे उकळीला आणखी पाऊण तास तरी. १६५० वॉट सगळे वाफेतच गेले तरी तासाला अडीच लिटरच उडणार, म्हणजे उकळी मेंगळट. पातेल्याला गोधडी गुंडाळा, नाहीतर १० लिटरचे घाणे काढा. २४०चं एलिमेंट १२० वर लावायची युक्ती करू नका, पाव ताकद मिळते: १३७५ वॉट.

डेक्कनचा वाचक
आमच्याकडे २३० व्होल्ट घरोघरी, १६ अँपिअरच्या सॉकेटवर साडेतीन किलोवॉट सहज. मग पुण्यात का नाही?

निवळशंख
वीज आहे, परवाना नाही. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे, विनापरवाना घरी बिअर करणं गुन्हा. तूर्त वाचनानंद घ्या.

अर्थिंगवाले, तीन पातेल्यांत दोन एलिमेंट असतात. ३० अँपिअरवर कसं जमवायचं?

अर्थिंगवाला
दोन्ही एकदम चालू म्हणजे ४६ अँपिअर, नाही जमणार. निवडीचा स्विच लावा, एका वेळी एकच एलिमेंट.

एकपातेली
म्हणजे शेवटी तापतं एकच पातेलं!

निवळशंख
हो, एकच घाणा काढणाऱ्याचं. पहिला घाणा उकळत असताना दुसऱ्याचं पाणी तापवायचं असेल तर ५० अँपिअरचा जीएफसीआय आणि ६ गेजची तार. एका पातेल्यात हे करून दाखवा.