हातात बसणारी गिटार : विकली, बदलली की ठेवून दिली? (अनुभव धागा)

गेल्या महिन्यात मी माझी इलेक्ट्रिक गिटार बदलली. साडेपाच वर्षं वापरलेली, पहिल्या मोठ्या पगारवाढीतून घेतलेली. पहिला कॉर्ड मी तिच्यावर धरला. ती देताना घशात आवंढा आला, आणि बदल्यात आलेली घरी आणली त्या रात्री दोन वाजेपर्यंत झोपले नाही. पुण्यात अशी माणसं पुष्कळ असणार, म्हणून हा धागा. विकली असेल, अदलाबदल केली असेल, विकायला काढून परत खोलीत ठेवली असेल, तर इथे लिहा. एकच विनंती आहे. "मजा येत नव्हती" एवढ्यावर थांबू नका, नेमकं काय बसत नव्हतं ते सांगा. मला ते कळायला तीन वर्षं लागली, आणि तेवढा काळ मी सगळा दोष माझ्या बोटांना देत राहिले.

सुरुवात माझ्यापासून. माझा हात लहान आहे. अंगठा ते करंगळी पूर्ण ताणली तर जेमतेम सात इंच. गिटार होती स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची, म्हणजे नट ते ब्रिज (तारेचा वरचा टेकू ते खालचा टेकू) तार साडेपंचवीस इंच. याच लांबीला स्केल म्हणतात. नेकवरच्या, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या, पहिल्या घरावर एफ कॉर्डचा बार (एका बोटाने सगळ्या तारा दाबणं) धरला की दहा मिनिटांत मनगटात कळ यायची. सगळे म्हणायचे, रियाज कर, बसेल हात. केला. बाकी सगळं सुधारलं, ती कळ तेवढी राहिली. मग एकदा मैत्रिणीच्या भावाकडे चोवीस इंचाची गिटार सहज हातात घेतली. फेंडरने १९६४ साली शिकणाऱ्यांसाठी मस्टँग आणली होती, त्या घडणीची. त्याच एफवर माझी बोटं जाऊन बसली. घरी येऊन पट्टीने मोजलं, तर पहिल्या चार घरांत मिळून साधारण आठ मिलिमीटरचा फरक. एवढ्याशा आठ मिलिमीटरसाठी मी तीन वर्षं स्वतःला आळशी समजत होते.

जाहिरात टाकली. पहिले चार दिवस "लास्ट प्राइस?" एवढेच निरोप आले. पाचव्या दिवशी कर्वेनगरला राहणाऱ्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाचा निरोप आला : "ताई, विकण्यापेक्षा बदलाल का?" त्याच्याकडे चोवीस इंची होती आणि तो वाजवायचा हेवी मेटल, जाड तारेचा सूर डीपर्यंत उतरवून. आखूड गिटारवर तार एवढी उतरवली की ती ढिली पडते, जोरात मारली की सूर वर जाऊन मग खाली येतो. त्याला जे नको होतं नेमकं तेच मला हवं होतं.

त्याच्या खोलीवर दोन तास बसलो. त्याने माझी गिटार डोक्याकडून डोळ्यासमोर धरून नेक सरळ आहे का पाहिली. बाराव्या घरावर हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळतो का ते ट्यूनरवर बघितलं. प्रत्येक नॉब शेवटपर्यंत फिरवला. मी आधीच सांगितलं की टोनचा नॉब खरखरतो. मग त्यानेही त्याची गिटार माझ्याकडे देऊन सांगितलं, "ताई, इथे बघा, चौदाव्या घरावर मोठा बेंड केला, म्हणजे तार ओढून सूर चढवला, की आवाज मरतो. फ्रेटबोर्ड, ही बोटं दाबायची फळी, फार गोल आहे." मी बेंड फारसे घेत नाही, तो दिवसभर तेच करतो. माझी सोळा हजारांत धरली, त्याची एकोणीस, वरचे तीन हजार मी दिले. माझ्या गिटारच्या पाठीवर जीन्सच्या बटणाने पाडलेला लांब ओरखडा आहे. मी सॉरी म्हणाले, तर त्याने त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "राहू दे की."

आता तुम्ही लिहा.

सदाशिव पेठ

मी विकायला काढून ठेवून दिली, त्यामुळे माझाही अनुभव धाग्यात बसतो. एप्रिलमध्ये माझ्या गिटारची नेक हाताला टोचायला लागली, कडेला फ्रेटची (घरं आखणाऱ्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बोटांना लागायची. मला वाटलं माल हलका आहे, काढून टाकू. बाजीरावांच्या काळापासून पुण्याचा उन्हाळा कोरडाच, पण त्याचा गिटारशी संबंध माझ्या डोक्यातच आला नव्हता. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, धातूच्या फ्रेट तेवढ्याच राहतात, म्हणून टोकं बाहेर येतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, बदलते. एका जाणकाराने टोकं घासून दिली, नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई, ट्रस रॉड, पाव फेरा फिरवला, दहा नंबरच्या तारा काढून नऊच्या, जरा बारीक, लावल्या. गिटार तीच, हात मात्र वेगळाच फिरतो. आता उन्हाळ्यात केसमध्ये ओलसर स्पंजची डबी आणि पावसाळ्यात सिलिका जेल ठेवतो. विकायच्या आधी एकदा सेटअप करून घ्याच. मागाहून तीच गिटार दुसऱ्याच्या हातात सुरेख वाजताना ऐकलीत तर फार लागेल.

हडपसर

वीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतो. गणपती, नवरात्र, लग्नाची संगीत, जत्रा, बालगंधर्वचे शो. सुरुवातीला माझ्याकडे तीन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचा सूर उचलणारा भाग) गिटार होती. आवाज टणटणीत, गोड. पण मांडवात लाइटचे डिमर, बाजूला जनरेटर, सगळ्या वायरी एकत्र ओढलेल्या. गाणं थांबलं की माझ्या ॲम्पमधून घूंऽऽऽ चालू. निवेदिका बोलत असायची आणि मी अंग हळूहळू वळवत तो कोन शोधायचा जिथे घुमणं कमी होतं. लोकांना वाटायचं हा नाचतोय.

सिंगल कॉइल म्हणजे शेवटी तारेचं एक वेटोळं, ते विजेची पन्नास हर्ट्झची घरघर उचलणारच. हमबकर नावाच्या पिकअपमध्ये दोन वेटोळी उलटसुलट जोडलेली असतात, घरघर एकमेकांना खाऊन टाकते, सूर राहतो. गिब्सनने ते १९५७ साली बाजारात आणलं, आणि माझ्यासारख्याला मांडवात त्याची खरी किंमत कळते. मग मी लेस पॉल पद्धतीची घेतली, माझी देऊन वर आठ हजार. घुमणं गेलं. पण ती साडेचार किलो. साडेतीन तासांच्या शोनंतर डावा खांदा असा धरायचा की दुसऱ्या दिवशी शर्ट घालताना बायकोची मदत लागायची. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "गळ्यात काय अडकवता?"

म्हणून तिसरी. कॅम्पातल्या एका गृहस्थांशी अदलाबदल केली, पातळ दोन शिंगांची, एसजी घडणीची. हलकी, हमबकर तेच. पण हिचा वेगळाच त्रास : हात सोडला की नेक खाली जाते. मग डावा हात सूर धरायच्या ऐवजी नेक तोलतो, आणि दोन कॉर्डच्या मध्ये उशीर होतो. इथे मात्र मी गिटार बदलली नाही. चपला शिवणाऱ्या एका कारागिराकडून चार इंच रुंद पट्टा करून घेतला, आतून खरखरीत कातडं लावलेला. ते शर्टवर पकडून राहतं, नेक जागची हलत नाही. सात वर्षं झाली.

नवी पेठ

हडपसरचे दादा, सिंगल कॉइलचा तो टणटणीत आवाज मात्र गेला ना?

हडपसर

गेला. कोळीगीताच्या ऱ्हिदमला तो हवा असतो आणि अजून आठवण येते. व्हॉल्यूम सातवर आणतो, ब्रिजजवळ वाजवतो, बराच जवळ जातो. पण तोच नाही.

वाकड

विकणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कळकळीने. गिटारची जाहिरात टाकल्यावर वीस मिनिटांत फोन आला. मी लष्करात आहे, पोस्टिंगवर आहे, गिटार न बघता घेतो, माणूस येऊन घेऊन जाईल. किंमत अजिबात पाडली नाही. मग क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. माझ्या भावाला हे माहीत नव्हतं आणि त्याचे नऊ हजार गेले. तो अकरावीत आहे, महिनाभर गिटारला हात लावला नाही त्याने. जो खरा वाजवणारा असतो तो वाजवून बघायला येतोच.

धनकवडी

कॉलेजात असताना फ्लॉइड रोज ब्रिजवाली घेतली होती, चोवीस घरं, नेक पट्टीसारखी पातळ. दिसायला जबरदस्त. फिरोदिया करंडकाच्या (कॉलेजांच्या नाट्यस्पर्धेच्या) तालमी दोन महिने चालल्या होत्या. प्रयोगाच्या दिवशी दुसऱ्याच प्रवेशात माझी बी तार तुटली. तो ब्रिज हवेत तरंगतो, एकीकडून तारांचा ताण, मागून स्प्रिंगांचा. एक तार गेली की तोल जातो आणि उरलेल्या पाचही तारांचा सूर चढतो. स्टेजवर अठरा जण माझ्या सुराकडे कान लावून, आणि माझ्याकडे एकही तार सुरात नाही. हार्मोनियमवाल्या मैत्रिणीने माझा सगळा भाग तिथल्या तिथे उचलून धरला, म्हणून नाटक उभं राहिलं. तिचे उपकार मी आजही मानतो.

त्या ब्रिजचा यात दोष नाही. ज्यांना व्हॅमी बार (ब्रिज हलवून सूर खाली-वर करायची दांडी) खालपर्यंत दाबून परत सुरात यायचं आहे त्यांच्यासाठी तो आहे. मी बारला वर्षात चारदा हात लावायचो. पुढच्याच महिन्यात टेलीकास्टर घडणीच्या, ब्रिज शरीरात पक्का ठोकलेल्या गिटारशी बदलली. तार तुटली तरी बाकीच्या पाच जागच्या जागी.

एरंडवणे

मी घाईत बदलली आणि चुकलो. दुकानात बसून, मोठ्या ॲम्पवर, भरपूर रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) लावून वीस मिनिटं वाजवली. घरी उभं राहून, शेजाऱ्यांचा विचार करून कमी आवाजात वाजवल्यावर लक्षात आलं, की तिचा वरचा कोपरा माझ्या उजव्या हाताला दंडाखाली काचतो. आधीचीला तिथे उतार होता. वर्षभर काचतो आहे. उभं राहून वाजवा, स्वतःचा ॲम्प न्या.

सहकारनगर

वय एकसष्ट. बँकेतून निवृत्त. अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजला आहे. मला प्रत्येकाने सांगितलं की काका, पातळ नेकची घ्या, हाताला हलकी पडेल. ऐकलं, आणि जुनी विकून पातळ घेतली. सहा महिन्यांत अंगठा अधिकच दुखू लागला.

कारण मला फिजिओथेरपीवाल्या मुलीने समजावलं. तिला गिटारमधलं काही कळत नव्हतं, तरी तिने मला ती घेऊन यायला सांगितलं. नेक पातळ असली की तळहात आणि नेकमध्ये पोकळी राहते, मग सगळा दाब अंगठ्याच्या टोकावर येतो, चिमटीत धरल्यासारखा. तिने नेकभोवती घडी घातलेला नॅपकिन गुंडाळला आणि म्हणाली, "आता धरा." तळहात भरला, अंगठा सैल पडला. मी तिथेच, त्या टेबलावर बसून, नॅपकिनसकट हात वरखाली करत राहिलो. तारा अर्थातच वाजत नव्हत्या.

तिथून शोध सुरू झाला. १९५०च्या दशकातल्या घडणीची, दांडक्यासारखी गोल भरलेली नेक हवी होती. तरुण मुलं ती टाळतात, त्यामुळे मिळालीही स्वस्त. बाणेरच्या एका मुलाने घेऊन दोन आठवड्यांत विकायला काढली होती. "काका, ही म्हणजे क्रिकेटची बॅट धरल्यासारखी आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, बाळा, मला तेच हवंय. माझी पातळ त्याला दिली. आम्ही दोघांनी एकमेकांकडून एक पैसा घेतला नाही. रोज पाऊण तास वाजवतो, मधे दोनदा थांबून.

धागाकर्ती

काका, नॅपकिनची युक्ती उद्याच करून बघणार. मी आखूड स्केलच्या पुढे विचारच केला नव्हता, माझी नेकही पातळच आहे.

औंध

माझी मुलगी तेरा वर्षांची, डावखुरी. पहिली गिटार आम्ही साधी उजव्या हाताची घेतली, कारण दुकानात डाव्या हाताची नव्हतीच. एकाने सांगितलं, तारा उलट्या लावा, जिमी हेंड्रिक्स तसंच वाजवायचा. लावल्या. पण नटच्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात. जाड तार बारीक खाचेत बसेना, बारीक तार मोठ्या खाचेत सरकायची. व्हॉल्यूमचा नॉब तिच्या कोपराखाली आला, दर गाण्यात आवाज आपोआप कमी व्हायचा. वरच्या घरांपर्यंत हात जायला जो कापलेला भाग असतो तोही उलट्या बाजूला. ती काही बोलली नाही. फक्त क्लासला जायच्या आधी तिला पोटात दुखायला लागलं.

अकरा महिने शोधत होतो. पुण्यात डाव्या हाताची वापरलेली गिटार निघते तीच क्वचित, आणि निघाली की संध्याकाळपर्यंत जाते. शेवटी विमाननगरहून एका ताईंचा फोन आला. त्यांचा मुलगा परदेशी शिकायला गेला होता, त्याने तिकडून सांगितलं होतं की डावखुऱ्या मुलालाच किंवा मुलीलाच द्यायची, पैसे कमी आले तरी चालतील. आमची उजव्या हाताची त्यांनी भाचीसाठी ठेवून घेतली, वर साडेसहा हजार दिले आम्ही.

घरी आलो तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते, सोसायटीत ॲम्प लावायची सोय नाही. तिने तशीच, नुसत्या तारांवर, अंधारात गॅलरीत बसून वाजवली. मी आत पाणी प्यायला उठलो होतो. व्हॉल्यूमचा नॉब ती मधूनमधून उगाच फिरवत होती. ॲम्प नाही, काही नाही, पण नॉब हाताला लागत होता.