हद्द, अधिकारक्षेत्र की ताबा? परदेशातला सैनिक आणि मानवी हक्कांचा कायदा

विचारणा (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या अभ्यासिकेत सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं बसतात. दक्षिण सुदानला शांतिसेनेत जाऊन आलेले एक हवालदार गावात आहेत. त्यांना पोरांनी विचारलं, "तिथं आपल्या जवानानं एखाद्याला धरून ठेवलं, तर त्याच्या हक्कांचं उत्तर कोण्या देशानं द्यायचं?" त्यावर मी मराठीत टिपण लिहितो आहे आणि 'ज्युरिस्डिक्शन'पाशी (म्हणजे देशाचा कायदेशीर अधिकार ज्याच्यावर चालतो ते) अडलो आहे. अधिकारक्षेत्र, क्षेत्राधिकार, अधिकारिता असे पर्याय सापडतात. बोलण्यात आपण ठाण्याची 'हद्द' म्हणतो. 'देशाच्या हद्दीतील प्रत्येक व्यक्तीस' असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर (वकील, वाशीम)

दादा, 'हद्द' लिहू नका. हद्द म्हटलं की जमीन आली. परदेशातली जमीन आपली नसतेच, मग तिथल्या सैनिकाला हा कायदा लागूच नाही असं त्या एका शब्दानं ठरून जातं. करार करणाऱ्यांपुढेही हा प्रश्न होता. १९५० च्या युरोपीय मानवी हक्क कराराच्या मसुद्यात आधी देशाच्या भूमीवर राहणाऱ्यांचा उल्लेख होता. तो काढून पहिल्या कलमात 'ज्युरिस्डिक्शन' घातलं गेलं.

आपल्या शेतीच्या दाव्यांत रोज येणारा एक शब्द इथं खरा कामाचा आहे: ताबा. सातबाऱ्यावर नाव एकाचं असते, वावर दुसराच वाहते, आणि भांडण तहसीलीत गेलं की पहिला सवाल येतो, "ताबा कोनाचा हाय?" या कराराखालचं युरोपीय मानवी हक्क न्यायालयही हेच विचारतं.

इराकमधलं बसरा घ्या. २००३ मध्ये तिथं ब्रिटिश सैन्य होतं आणि सहा इराकी नागरिकांच्या मृत्यूचं प्रकरण न्यायालयात गेलं. त्यातले बहा मूसा हॉटेलात कामाला होते. ब्रिटिश सैन्याच्या कोठडीत मारहाण होऊन त्यांचा जीव गेला. बाकीचे पाच कोठडीबाहेर मेले. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) २००७ मध्ये मूसांपुरताच करार लागू धरला. युरोपीय न्यायालयानं ७ जुलै २०११ रोजी याच प्रकरणाच्या अल-स्केनी निकालात सांगितलं की बसऱ्यातल्या सुरक्षेचा कारभार ब्रिटनच्या हातात होता, म्हणून सहाही जण ब्रिटनच्या ज्युरिस्डिक्शनमध्ये येतात. इराकमधल्याच मृत्यूवरच्या २०१४ च्या जलूद प्रकरणात तर नुसता रस्त्यावरचा तपासणी नाका पुरेसा ठरला. नाक्यावरून जाणाऱ्या माणसांवर डच सैनिकांचा अधिकार चालत होता, म्हणून जबाबदारी नेदरलँड्सची.

माझं मत असं: कलमाच्या अनुवादात 'अधिकारिता' लिहा, समजावताना 'ताबा' वापरा. 'अधिकारक्षेत्र' टाळा, त्यातलं 'क्षेत्र' पुन्हा जमिनीकडेच ओढतं.

शंका (मराठीची शिक्षिका, अचलपूर)

'अधिकारिता' पटलं, पण 'ताबा' पुरेल का? विमानातून बॉम्ब टाकणारा खालच्या माणसाला ताब्यात घेत नाही. मग तो माणूस कशात बसतो?

उत्तर (वकील, वाशीम)

ताई, कायदा नेमका तिथंच अडतो. २३ एप्रिल १९९९ रोजी नाटोच्या विमानांनी बेलग्रेडच्या टीव्ही केंद्रावर हल्ला केला, १६ माणसं मेली. त्यावरच्या बँकोविच प्रकरणात २००१ मध्ये युरोपीय न्यायालयानं, मेलेले अधिकारितेत येत नाहीत म्हणून, अर्ज दाखलच करून घेतला नाही. २०२१ च्या जॉर्जिया विरुद्ध रशिया निकालातही प्रत्यक्ष लढाई चालू असतानाचे मृत्यू अधिकारितेबाहेर ठेवले; रशियानं डांबून ठेवलेल्यांबद्दल मात्र रशियाला जबाबदार धरलं. मला हे अजिबात पटत नाही. जितकं दुरून मारलं तितकी जबाबदारी कमी, असा त्याचा अर्थ होतो. पण म्हणूनच मी 'ताबा' सुचवतो. कायदा आज जितका पोचतो तितकंच तो शब्द सांगतो, आणि कुठं तोकडा पडतो तेही दाखवतो.

बॉम्बखालच्या माणसाला १९४९ चे जिनिव्हा करार आणि युद्धाचे बाकीचे नियम आहेतच. त्यांना 'मानवतावादी कायदा' म्हणतात. टिपणात तो आणि 'मानवी हक्क कायदा' एकमेकांत मिसळू देऊ नका.

भर (माजी सुभेदार, लोणार)

सगळं बोलणं समोरच्या माणसाबद्दल चाललं. जवानाचं काय? इराकमध्ये हलक्या चिलखताच्या स्नॅच लँड रोव्हर गाड्यांत ब्रिटिश जवान स्फोटांनी मेले, त्यांच्या घरचे सरकारविरुद्ध कोर्टात गेले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०१३ मध्ये मान्य केलं की परदेशात लढणारा जवानही आपल्या सरकारच्या अधिकारितेत राहतो, त्याच्या जिवाचा हक्क संपत नाही. पोरांना हे नक्की सांगा.

आपल्या आर्मी ॲक्टचं कलम ७० सुद्धा घाला. नागरिकाचा खून किंवा बलात्कार जवानानं केला तर एरवी खटला कोर्ट मार्शलपुढं चालत नाही, पण गुन्हा भारताबाहेर घडला तर चालतो.

पुन्हा विचारणा (दारव्हा)

काका, सुभेदारसाहेबांचं घातलं. पण भारत युरोपीय करारात नाही. मग आपल्याला काय लागू?

उत्तर (वकील, वाशीम)

नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार. भारत त्यात १९७९ मध्ये आला. त्याच्या दुसऱ्या कलमात 'भूमीवर असलेल्या आणि अधिकारितेत असलेल्या' व्यक्ती असं आहे. अमेरिका त्या 'आणि'वर बोट ठेवते: दोन्ही अटी हव्यात, म्हणून परदेशात करार लागू नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनं २००४ मध्ये उलट वाचन केलं: देशाबाहेर सैन्याच्या ताब्यात असलेल्यालाही हक्क मिळतात. त्यात शांतिसेनेतल्या तुकड्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे समितीच्या वाचनानं तुमच्या पोरांच्या प्रश्नाचं उत्तर 'भारतानं' असं येतं. मात्र समितीचं मत न्यायालयाच्या निकालासारखं बंधनकारक नसतं. म्हणून अनुवादात 'आणि'चं 'किंवा' करू नका. मूळ कलम जसंच्या तसं ठेवा आणि समितीचं वाचन खाली वेगळ्या ओळीत द्या.