पहिली भाड्याची खोली, पगार 16,500: रांजणगाव की बजाजनगर?

वाळूजकर_३

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहे, हातात 16,500 येतात. आतापर्यंत कॉट बेसिसवर होतो, आता बायको आणि आई गावाकडून येणार म्हणून खोली शोधायलोय. दोन ठिकाणं डोळ्यासमोर हायेत.

पहिली रांजणगावात. वन आरके, तळमजला, भाडं 4,200, डिपॉझिट 10,000. मालकाचा एकच मीटर आहे, लाइट "युनिटमागे 12 रुपये". पाणी बोअरचं, गच्चीवर हजार लिटरची टाकी, चार खोल्यांत मिळून.

दुसरी बजाजनगरात. वन आरके, वरचा मजला, भाडं 5,800, डिपॉझिट 20,000. मीटर स्वतंत्र, पाणी नळाचं, खाली हौद. हा मालक म्हणतो बाँडवर नोटरी करू, रजिस्ट्रेशनची भानगड नको.

सगळे म्हणायलेत स्वस्त ती घे. जाणकारांनी सांगावं, भाड्याच्या आकड्याशिवाय काय बघायचं?

हौदवाला

आधी पाणी बघा, मग फरशी आणि रंग. आपल्या भागात स्वस्त खोली मार्चपर्यंतच स्वस्त असते.

तीन माणसं काटकसरीनं वापरली तरी दिवसाला 250 ते 300 लिटर पाणी लागतं. हजार लिटरची टाकी चार घरांत म्हणजे घरटी 250, एका दिवसाचीही खात्री नाही. शिवाय ती भरायला बोअरची मोटार मालक कधी लावतो, त्याच्यावर सगळं. सकाळच्या पाळीला पाचला उठणाऱ्याला कोरडी तोटी परवडत नाही.

बजाजनगरातल्या हौदाचं झाकण उघडून माप घ्या. लांबी, रुंदी, खोली फुटात मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि 28 ने गुणा, की लिटर निघतात. 5 × 4 × 4 फुटांचा हौद साधारण 2,240 लिटरचा. आता नळ किती दिवसाआड येतो ते विचारा. पाच दिवसाआड येत असेल तर एका घराला 1,500 लिटरचा साठा हवा. त्याच हौदावर तीन बिऱ्हाडं असतील तर 200 लिटरची चार टिपाडं स्वतःची ठेवावी लागतील, ती ठेवायला मोरीत जागा आहे का तेही बघून घ्या.

मालकाला "पाणी कसंय?" विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. शेजारच्या भाडेकरूला किंवा गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा, आणि प्रश्न नेमका विचारा: मागच्या मे महिन्यात बोअर आटला होता का? टँकर आला तर पैसे कोणी दिले? टँकरचा खर्च करारात लिहिलेला नसला की तो भाडेकरूंच्याच डोक्यावर बसतो.

बोअरचं पाणी क्षाराचं आहे का हे मोरीच्या टाइलवरून कळतं. नळाखाली पांढरा थर दिसला आणि हात धुताना साबणाला फेस येत नसला, तर पिण्याचं पाणी जारचंच घ्यावं लागेल. रोज एक 20 लिटरचा जार धरला तर महिन्याचा हिशोब त्या 4,200 मध्ये मिळवा.

फेज_न्यूट्रल

पाण्याचं वर आलंच आहे, मी लाइटचं सांगतो.

तुमचा वापर किती होईल? पंखा साधारण 75 वॅटचा. दोन पंखे रोज 12 तास म्हणजे महिन्याला 54 युनिट. छोटा फ्रिज असेल तर आणखी 30 च्या आसपास, वर एलईडी दिवे. म्हणजे एरवी 90 ते 100 युनिट. उन्हाळ्यात 200 वॅटचा कूलर रात्री 10 तास चालला की 60 युनिट वाढले.

महावितरणचे घरगुती दराचे टप्पे 0-100, 101-300, 301-500 आणि त्यापुढे असे आहेत. स्वतंत्र मीटरवर कूलरचे महिने सोडले तर तुम्ही पहिल्याच टप्प्यात राहता. चार बिऱ्हाडं एका मीटरवर आली की एकूण वापर 300 च्या वर जातो, वरची युनिटं महाग दरानं पडतात आणि ते ओझं त्या मीटरवरच्या भाडेकरूंत वाटलं जातं. 12 च्या दरानं 90 युनिटचे 1,080 होतात. स्थिर आकार, वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क धरूनही स्वतंत्र मीटरवर तेवढ्याच वापराचं बिल यापेक्षा कमी येतं. 4,200 आणि 5,800 मधला फरक वाटतो तेवढा नाही.

स्वतंत्र मीटर असला तरी दोन गोष्टी तपासा. एक, मागच्या बिलाची थकबाकी. बिलावरचा 12 अंकी ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या अ‍ॅपवर बघा. बिल कुणाच्याही नावावर असो, थकलं तर लाइट तुमच्या खोलीची कापली जाणार.

दोन, मीटर फक्त तुमचाच आहे का. खोलीतले सगळे दिवे, पंखे बंद करा, प्लग काढा, पण मेन स्विच चालू ठेवा. मग मीटरवरच्या लाल दिव्याकडे पाच मिनिटं बघत उभं राहा. दिवा लुकलुकला तर तुमच्या मीटरवर दुसऱ्याचं काहीतरी चालू आहे, बहुतेक वेळा जिन्यातला दिवा नाहीतर हौदाची मोटार. मोटार असेल तर ती सगळ्यांचं पाणी तुमच्या बिलावर चढवणार. ती मालकाच्या मीटरवर हलवा म्हणायचं, नाहीतर भाड्यात तेवढी सूट मागायची.

वाळूजकर_३

मोटारीचं डोक्यातच नव्हतं. वरच्या मजल्याचं काय करावं? आईला उकाडा सहन होत नाही. आणि त्या नोटरीचं?

हौदवाला

सकाळी खोली बघून फसू नका. दुपारी चारला जा, पश्चिमेच्या भिंतीला आणि दाराच्या पत्र्याला हात लावा. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दोनपर्यंत उष्णता सोडत राहतो. गच्चीवर चुन्याचे दोन हात मारले की बराच फरक पडतो; खर्च तुमचा, परवानगी मालकाची, असं आधीच बोलून घ्या. कूलर लावायला समोरासमोर खिडक्या हव्यात, नुसता कूलर कोंदट खोलीत ओल धरवतो. त्याला रात्रीतून दोन-तीन बादल्या पाणी जातं, तेही वरच्या हिशोबात धरा.

स्लॅबच्या एकाच कोपऱ्यात ताजा रंग दिसला तर पावसाळ्यात तिथंच गळतं.

नगरनाका

नोटरीवर चाललंय की राव. सगळीकडे 11 महिन्यांचं तसंच करतात, कुणाचं काही बिघडलं नाही.

कलम_५५

11 महिन्यांचा समज एका वेगळ्याच कायद्यातून आला. केंद्राच्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीतून सूट आहे, म्हणून 11. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरतं राहू देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वाद झालाच तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

मालकाला हे धमकी म्हणून सांगू नका, त्याचा फायदा सांगा. मुदत संपून भाडेकरू हलला नाही तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मिळवताना नोंदणीकृत करारच त्याच्या हाताशी लागतो. हेच तुमच्याही ध्यानात असू द्या: मुदतीनंतर बसून राहिलात तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. नूतनीकरण महिनाभर आधी करा.

खर्चाची भीती बहुतेकांना उगाच असते. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. 5,800 × 11 = 63,800. 20,000 च्या परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरून 11 महिन्यांचे 1,833. बेरीज 65,633, त्याचे 0.25 टक्के म्हणजे 164 रुपये. नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत 500, मनपा हद्दीत 1,000. ऑनलाइन नोंदणीचं हाताळणी शुल्क आणि एजंटची मजुरी वेगळी. दोघांनी निम्मं निम्मं वाटून घ्यायची पद्धत आहे.

घोडं अडतं ते अंगठ्यावर. ऑनलाइन नोंदणीला मालक आणि भाडेकरू दोघांचं आधार बायोमेट्रिक लागतं. मशीनवर, तेलात काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र घेत नाही. जाण्याच्या आदल्या रात्री हाताला खोबरेल लावा, सकाळी साबणानं धुऊन कोरडे करा, अंगठा नाही घेतला तर दुसरी बोटं द्या. तरी जमलं नाही तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून मग या. साक्षीदार लागतात का ते आधी विचारा, लागत असतील तर त्यांचीही आधार कार्डं सोबत असू द्या.

मालक खरंच मालक आहे ना, हे घरपट्टीच्या पावतीवरून किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या (घराच्या कर आकारणीच्या) उताऱ्यावरून बघा. भाडेकरूच भाडेकरू ठेवतो आणि डिपॉझिट घेऊन निघून जातो, असले प्रकार होतात.

करारात या गोष्टी मराठीतच लिहून घ्या: दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस; डिपॉझिट चावी देताना त्याच दिवशी परत; कपात फक्त थकलेलं भाडं, लाइट बिल आणि मोडतोडीची; रंगाचे पैसे कापायचे की नाही; टँकरचा वाटा; राहायला आलात त्या दिवशीचं मीटर रीडिंग. राहणाऱ्यांत आईचं नाव घाला, नंतर "तीन माणसं ठरली नव्हती" नको. आणि कंत्राटदाराचा पगार 10 तारखेनंतर पडत असेल तर भाड्याची तारीख 5 न लिहिता 12 लिहा. दर महिन्याला उशीर झाल्याचं बोलणं खाण्यापेक्षा हे बरं.

वाळूजकर_३

20,000 एकदम निघणार नाहीत. डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा व्हिडिओ बघितला होता.

कलम_५५

ती मर्यादा केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडे कायद्यातली आहे. आपल्याकडे 1999 चाच कायदा चालतो, त्यामुळे त्यावर मालकाशी वाद घालू नका. हप्ते मागा: 10,000 चावी घेताना, 5,000 दुसऱ्या आणि 5,000 तिसऱ्या महिन्यात. करारात तारखा लिहा. सगळे पैसे यूपीआयने द्या आणि शेऱ्यात "डिपॉझिट हप्ता 1" असं टाका. रोख दिलेत तर पावती मागा, भाड्याची पावती देणं मालकाला कायद्यानं बंधनकारक आहे.

शिधा_सिलेंडर

दोन गोष्टी राहिल्या. गावचं रेशनकार्ड प्राधान्य किंवा अंत्योदय असेल तर इथल्या कुठल्याही स्वस्त धान्य दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, कार्ड बदलून आणायची गरज नाही. आधार जोडलेलं आहे का तेवढं बघा. गॅसचं कनेक्शन येईपर्यंत 5 किलोचा छोटा सिलेंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

आणि फोनवर कुणी "मी लष्करात आहे, बदली झाली, आधी टोकन पाठवा" म्हणालं तर फोन ठेवून द्या. कुलूप उघडून आत उभं राहिल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

फेज_न्यूट्रल

चावी मिळाली की सामान आत न्यायच्या आधी मोबाइलवर व्हिडिओ काढा: भिंती, पंखे, तोट्या, कडी-कोयंडे, फुटलेल्या टाइल, शेवटी मीटरचा आकडा. तोच व्हिडिओ त्याच दिवशी मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे तारखेसकट दोघांकडे राहतो. सोडताना डिपॉझिटमधून "पंखा तुम्हीच बिघडवला" म्हणून पैसे कापायला लागले तर हाच दाखवायचा.

तुमच्या दोन्हींत मी बजाजनगर घेईन, पण मोटारीचा मीटर आणि डिपॉझिटचे हप्ते मान्य झाले तरच. नाही झाले तर तिसरी खोली बघा, बजाजनगरात गल्लोगल्ली पाट्या लागलेल्या असतात.