१ मेचा निकाल: तुमच्या प्रगतिपुस्तकात काय शेरा होता?

रानजाई

सकाळी झेंडावंदन आटोपून लेकाचा निकाल घेऊन आले. दुसरीतून तिसरीत. बहुतेक ठिकाणी अ-१, अ-२, एके ठिकाणी ब-१. कागद नीट ठेवावा म्हणून कपाटातली जुनी फाईल काढली, तर तळाशी माझंच चौथीचं प्रगतिपुस्तक. १९८९-९०. खाकी पुठ्ठा, कडा कुरतडलेल्या. गणितात सहामाहीला १०० पैकी ३४, खाली लाल शाईची रेघ. वार्षिकला ६१. आणि शेऱ्याच्या रकान्यात बाईंचं अक्षर: 'पाढे पाठ झाले. आता घाई कमी करावी.'

तशीच जमिनीवर बसले. सहामाहीनंतर बाईंनी मला रोज प्रार्थनेच्या आधी बोलवायला सुरुवात केली होती. त्या वर्गाचा माठ भरायच्या आणि मी शेजारी उभी राहून सतराचा, एकोणीसचा पाढा म्हणायची. अडकले की त्यांचा तांब्या हवेतच थांबायचा. रागावणं नाही, सांगणं नाही. पुढचा आकडा आला की पाण्याची धार पुन्हा सुरू. त्या थांबलेल्या तांब्याची इतकी धास्ती होती की मी पाढा एका दमात उरकायची, म्हणून तो 'घाई'चा शेरा.

त्या वर्षी पेढे काही वाटले नाहीत, माझा नंबर अकरावा होता. पण बाबांनी तो शेरा दोनदा मोठ्याने वाचला होता.

तुमच्या शाळेतले निकालाचे, बक्षिसांचे दिवस लिहा ना. नंबर आला असो वा नसो.

निळी_शाई

तांब्या 😍 डोळ्यासमोर आलं अगदी. माझ्या आजीला पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊणचे पाढे) सगळं तोंडपाठ. शाळा दुसरीपर्यंतच. बाजारात भाजीवाला हिशेब करेपर्यंत तिचे पैसे मोजून तयार असायचे.

पाऊसपाणी

ब-१ कशात गं? आमच्याकडे कार्यानुभवात ब-२ आहे आणि सासूबाई सकाळपासून विचारतायत, हा विषय तरी कोणता.

रानजाई

@पाऊसपाणी शारीरिक शिक्षणात. दोरीच्या उड्या येत नाहीत त्याला अजून. सुट्टीत शिकवणार आहे.

चिंचबोर

मला अभ्यासात कधीच बक्षीस नाही. तिसरीत मात्र पूर्ण उपस्थितीचं मिळालं. आमची वस्ती ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात पाणी चढलं की वडील खांद्यावर बसवून पलीकडे सोडायचे, दप्तर स्वतःच्या डोक्यावर. संध्याकाळी पुन्हा काठावर हजर. एकही दिवस खाडा नाही.

बक्षीस म्हणजे स्टीलचा डबा, झाकणावर नाव कोरलेलं, खाली 'उपस्थिती प्रथम'. स्टेजवरून उतरून मी डबा थेट वडिलांच्या हातात दिला. बक्षीस त्यांचंच होतं, मी फक्त बसून होतो. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. डबा आईकडे आहे, त्यात मोहरी असते. घासताना नावावरून काथ्या फिरवू देत नाही ती कोणाला.

निळी_शाई

@चिंचबोर 🙏 काय लिहू.

सह्यकडा

चौथीची स्कॉलरशिप!! भाषा, गणित, बुद्धिमत्ता. केंद्र तालुक्याला, सकाळची एसटी वेळेत पोचेल याची खात्री नाही, म्हणून गुरुजी आम्हा सात पोरांना घेऊन आदल्या दिवशीच गेले. एका शाळेच्या वर्गात बाकं जोडून झोपलो. गुरुजींनी घरून स्टोव्ह आणला होता. रात्री खिचडी, पहाटे चहा. सगळे झोपल्यावर एकटे बसून आमच्या पेन्सिलींना टोक करत होते, मला अजून दिसतात. चौदा पेन्सिली, प्रत्येकाला दोन.

सातपैकी तिघे यादीत लागले. गुरुजी सायकलवरून आधी उरलेल्या चौघांच्या घरी गेले, मग आमच्याकडे आले. मी चौघांतला की तिघांतला ते नाही सांगत, दोन्ही घरी ते सारखाच वेळ बसले. आता तर ही परीक्षा पाचवीला असते ना?

खडूफळा

@सह्यकडा २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला होती. आता शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीला आणली आहे, २०२५-२६ पासून. एकूण गुण ३००, दोन पेपर. पाचवीसाठी रक्कम वाढून वर्षाला ५००० झाली होती. आधी फारच तुटपुंजी होती.
मी स्वतः जि.प. शाळेत शिकवते. सविस्तर रात्री लिहिते, आत्ता निकालपत्रकांचा गठ्ठा जमा करायचाय.

भटका_जीव

मूळ विषय सोडून विचारतो, जुन्या प्रगतिपुस्तकाला कोणी चिकटपट्टी लावली असेल आणि ती पिवळी पडली असेल तर काढता येते का? वडिलांचं आहे, १९५८ सालचं. त्यात 'वरच्या वर्गात घातले' असा शिक्का आहे.

पाऊसपाणी

@भटका_जीव ओढू नका!! माझ्या आईच्या पत्रिकेचं तसंच झालं, अक्षरासकट निघाली पट्टी.

ओसरी

कुकर लावून लिहितेय, चुकलं तर समजून घ्या.

१९९२ पासून आम्हा मुलींना उपस्थिती भत्ता सुरू झाला. हजेरीच्या दिवसाला एक रुपया, पहिली ते चौथी. सगळ्या मुलींना नव्हता, आमच्यासारख्या घरच्यांना होता. पैसे घ्यायला आईला शाळेत यावं लागायचं आणि रजिस्टरवर अंगठा द्यावा लागायचा. तिसरीत असताना मागच्या मुलांपैकी कोणीतरी हसलं. आई काही बोलली नाही. घरी येऊन राखेने बोट घासत बसली, शाई जाईना.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला माझ्या पाटीवर तिचं नाव गिरवायला दिलं. चुलीपुढे, भाकरी भाजता भाजता. तव्यावर भाकरी पालथी केली की एक अक्षर. तिला 'क्ष' जमेना, आणि नावातच क्ष. पाटीवर पिठाची बोटं उमटायची.

माझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकात 'पालकांची सही' असे तीन रकाने आहेत. पहिल्या दोन ठिकाणी अंगठा. तिसऱ्या ठिकाणी सही, इतकी मोठी की शेजारच्या मुख्याध्यापकांच्या रकान्यात गेलीय. मुख्याध्यापकांनी त्यांची सही खाली, चौकटीबाहेर केली.

माझा वर्गात दुसरा नंबर होता तेव्हा. तो आईला आठवतही नाही.

शिट्ट्या झाल्या, जाते.

सह्यकडा

@ओसरी चौकटीबाहेर सही करणाऱ्या त्या मुख्याध्यापकांना साष्टांग नमस्कार. आणि तुमच्या आईला त्याआधी.

रानजाई

@ओसरी, ऑफिसात वाचलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले थोडा वेळ.

गोटीसोडा

आमचं लेझीम पथक केंद्रस्तरावर (आसपासच्या शाळांत) पहिलं, बीटवर (अशा काही केंद्रांत) पहिलं, तालुक्याला गेलो आणि तिथे पाऊस. ओल्या मैदानात माझी लेझीम निसटून थेट पाहुण्यांच्या टेबलाखाली. मी रांग न मोडता मोकळ्या हातांनी शेवटपर्यंत नाचलो. दुसरा नंबर आला. सर म्हणाले, तुझ्या हातात लेझीम नाही हे फक्त मला कळलं. आजही आयुष्यात काही हातातून सुटलं की ते वाक्य कामाला येतं.

निळी_शाई

@गोटीसोडा हे झकास 😄 लेझीम परत मिळाली का?

गोटीसोडा

मिळाली, पाहुण्यांनीच आणून दिली.

खडूफळा

आत्ता बसले. यंदा माझ्या वर्गात ३४ मुलं. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून गुणांबरोबर वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात. बाजारात तयार वाक्यांची पुस्तकं मिळतात, 'उपक्रमात सक्रिय सहभाग घेतो' वगैरे. त्यातून उतरवलं की तासाभरात काम होतं. मला ते जमत नाही, म्हणून एप्रिलभर रात्री जागते.

एका मुलाची नोंद मात्र अडली होती. आईवडील ऊसतोडीला जातात. अशा मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह असतं, पण धाकट्या बहिणीला फडात सांभाळायला कोणी नाही म्हणून दिवाळीनंतर हाही गाडीत बसला. दुसऱ्या सत्राचे रकाने कोरे. परवा परत आला, उन्हाने रापलेला, तळहातावर पाचटाच्या चिरा. मी मणी-माळा काढून गुणाकार घ्यायला बसले तर म्हणाला, बाई, असंच सांगतो की. एका ओळीत बारा मोळ्या, अशा नऊ ओळी, एकशे आठ. त्यातल्या सात सुटल्या तर एकशे एक. बोट न मोजता.

मी नोंद लिहिली: 'मोळ्यांचा हिशेब तोंडी आणि अचूक करतो. गुणाकार व वजाबाकी व्यवहारात वापरतो.' आज निकाल दिला तेव्हा त्याने ती ओळ वाचली, मग वडिलांना वाचून दाखवली. वडील म्हणाले, मुकादमापेक्षा ह्याचाच हिशेब बरोबर असतो. त्यांनी कागदाची घडी घातली नाही, दोन्ही हातांनी सरळ धरून घरी नेला.

रानजाई

@खडूफळा जूनमध्ये येईल ना तो?

खडूफळा

शाळा उघडेल तेव्हा येईल, दिवाळीपर्यंत नक्की. त्यापुढचं बोलायला मेअखेर घरी जाणार आहे. बहिणीला अंगणवाडीत घालता आलं आणि आजी गावात राहायला तयार झाली तर जमेल. आजीला आधी भेटते.

ओसरी

@खडूफळा मॅडम, आजीला भेटाल तेव्हा ती नोंद वाचून दाखवा. नातवाकडूनच वाचून घ्या खरं तर.

खडूफळा

@ओसरी हो. तसंच करते.

भटका_जीव

पट्टी ओढली नाही. पुस्तक तसंच प्लास्टिकच्या पिशवीतून काढून कोऱ्या कागदात गुंडाळून ठेवलंय. वडिलांना शिक्का दाखवला. म्हणाले, 'घातले' नाही, मी स्वतः गेलो होतो वर.