दुखत नाही म्हणून थांबू नका

पल्पचे (दाताच्या आतल्या नसा-रक्तवाहिन्यांच्या मऊ भागाचे) उपचार झालेल्या दुधाच्या दाढेजवळ हिरडीवर पुटकुळी आलीय, मूल नीट जेवतंय, मग दात आपोआप पडेपर्यंत थांबलं तर चालेल का, असं विचारलंय. कृपा करून थांबू नका. टाचणीच्या डोक्याएवढा पिवळा ठिपका येतो, फुटतो, दोन दिवसांनी हिरडी साफ दिसते आणि आपल्याला वाटतं बरं झालं. पुवाला वाट मिळाल्याने दाब कमी होतो, इतकंच. संसर्ग आत चालूच असतो.

दुधाच्या दाढेत तो बहुतेकदा मुळांच्या बेचक्यात पसरतो. एक्स-रेत तिथलं हाड विरळ, काळसर दिसतं. आणि नेमकी तिथेच खाली कायमची उपदाढ घडत असते! संसर्ग रेंगाळला तर तिच्या एनॅमलवर (दाताच्या वरच्या कडक थरावर) डाग किंवा खड्डे राहू शकतात, कायमचे.

पल्पोटॉमीनंतर (पल्पचा फक्त वरचा भाग काढण्याच्या उपचारानंतर) मूळ आतून झिजण्याचा प्रकारही असाच, न दुखता चालणारा. म्हणून तक्रार नसली तरी ठरलेल्या तपासण्या आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे चुकवू नका. दाताच्या मुळांमध्ये झिंक ऑक्साइड युजेनॉल (मुळं भरायची एक पेस्ट) भरलं असेल तर ते मुळापेक्षा हळू विरघळतं; क्वचित दुधाचा दात अडून बसतो आणि खालचा वाकडा येतो.

दात काढावाच लागला तर स्पेस मेंटेनर (खालच्या दातासाठी जागा राखून ठेवणारं छोटं उपकरण) लागेल का, हे त्याच भेटीत विचारा. दुसरी दुधाची दाढ साधारण १० ते १२ व्या वर्षी पडते, तोवर जागा राखावी लागते. गालावर सूज किंवा ताप असेल तर मात्र आजच्या आज दाखवा.