सीफॅप-१ (अमेरिकेतलं कोरोना अनुदान): उत्पादन सारखं, रक्कम वेगळी कशी?

सातबारा_वाचक
२०२० च्या सीफॅप-१ चा हिशोब समजून घेतोय. समजा, आयोवातल्या एखाद्या ग्रामीण काउंटीत दोन शेतकरी आहेत. दोघांचाही २०१९ चा मका ६०,००० बुशेल. तरी एकाला ७ हजार डॉलरच्या वर आणि दुसऱ्याला शून्य, असं होऊ शकतं म्हणे. अनुदान एकरावर नव्हतं का?

कणगी
एकर विसरा. मक्याला दोन आकडे काढायचे: २०१९ च्या उत्पादनाचा निम्मा, आणि १५ जानेवारी २०२० ला शिल्लक असलेला, भाव न ठरलेला माल. यातला कमी तो धरायचा. दर ३२ आणि ३५ सेंट, पण दोन्ही निम्मे लागतात, म्हणजे बुशेलला (२५.४ किलो) साडेतेहतीस सेंट.

पहिल्याकडे त्या दिवशी २२,००० बुशेल मोकळा होता असं धरू. ३०,००० पेक्षा तो कमी, म्हणून २२,००० × ०.३३५ = ७,३७० डॉलर. त्यातले आधी ८० टक्के, म्हणजे ५,८९६, उरलेले नंतर.

दुसऱ्याने डिसेंबरातच सगळ्या मालाचा भाव करारात बांधला असेल, तर मका त्याच्याच कणगीत असला तरी शून्य. भाव पडल्याची झळ त्याला लागलीच नाही ना! लोक चुकतात ते इथेच, नुसता साठा मोजतात. सीफॅप-२ मध्ये, म्हणजे याच अनुदानाच्या पुढच्या फेरीत, मात्र मक्याला एकरी हिशोब आला, किमान १५ डॉलर.

गोठा_नं_४
डुकरांचं गणित निराळं. १५ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात विकलेल्या १२० पौंडांखालच्या पिल्लाला २८ डॉलर, त्यावरच्याला १८. शिवाय १६ एप्रिल ते १४ मे यांतल्या ज्या दिवशी कळप सर्वांत मोठा, त्या दिवसाच्या संख्येवर नगामागे १७. पण जनावरं कंपनीची आणि शेतकऱ्याची फक्त शेड नि मेहनत असेल, तर त्या करारदाराला सीफॅप-१ मध्ये छदाम नाही. मला हा नियम कागदावरच बरोबर वाटतो. कंपनीने पुढची बॅच टाकलीच नाही, तर रिकाम्या शेडचा हप्ता कोण भरणार?

कणगी
कागदांचंही सांगतो. अर्ज एडी-३११४, काउंटीच्या एफएसए (अमेरिकी कृषी खात्याची शेतकरी सेवा संस्था) कार्यालयात, २६ मेपासून. २८ ऑगस्टची मुदत पुढे ११ सप्टेंबर झाली. सोबत बँक खात्याचा आणि उत्पन्नमर्यादेचा फॉर्म. आकडे शेतकऱ्याने स्वतःच प्रमाणित करायचे, पण तपासणीत मागतील म्हणून वजनपावत्या आणि विक्रीचे करार जपून ठेवायचे. माणशी कमाल अडीच लाख डॉलर.

सातबारा_वाचक
आणि जमीन दुसऱ्याची असेल तर?

कणगी
रोख खंडाने घेतली असेल तर सगळं कसणाऱ्याला. मालकाचा पिकात वाटा नाही, म्हणून अनुदानातही नाही. वाट्याने असेल तर ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे दोघांनाही.

बांधावरून
पीएम-किसानचं नेमकं उलट. एप्रिल २०२० चा २,००० चा हप्ता मुळात जादा मदत नव्हतीच, देय होता तोच लवकर सोडला. तोही वारसाहक्काचा अपवाद वगळता १ फेब्रुवारी २०१९ ला ज्याच्या नावावर जमीन, त्याला. बटईने कसणाऱ्याला त्यात जागाच नाही.