१७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन : मुलांना झेंडावंदनाला न्यायचं, की घरी इतिहास सांगायचा?

गोदाकाठ
मराठवाड्यातल्या किती मुलांना माहीत असतं की १५ ऑगस्ट १९४७ ला इथे निजामाचंच राज्य होतं? १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं, १७ ला निजामाने शरणागती पत्करली. हे आधी बापाने सांगावं, शाळेने नंतर. आणि नुसतं रांगेत उभं करू नका, काम द्या. आदल्या संध्याकाळी झेंडा मुलासोबत बांधा. केशरी पट्टा वर आहे ना, ते त्यालाच तपासू द्या. घाईत झेंडा उलटा बांधला जातो तो इथेच.

स्पष्टवक्ता
साफ असहमत. घरचा इतिहास एकांगी असतो. रझाकारांचे, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेचे, अत्याचार सांगितले जातात, पण पोलीस कारवाईनंतर (सैन्याच्या त्या मोहिमेला हेच नाव होतं) उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा भागांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या, त्याबद्दल चकार शब्द नसतो. भारत सरकारने चौकशीसाठी पाठवलेल्या सुंदरलाल समितीच्या अहवालात ते नोंदलेलं आहे. बापाच्या तोंडून मुलाला अभिमानाआधी द्वेष मिळतो. त्यापेक्षा ५२ सेकंद सगळ्यांसोबत राष्ट्रगीत म्हणू दे, तेवढं बास.

गोदाकाठ
मग दोन्ही सांगा, गप्प का बसायचं? शोएबुल्ला खान यांचं नाव घ्या. 'इमरोज'चे संपादक. भारतात विलीन व्हा असं लिहीत होते म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला. बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ १९४६ साली मारले गेलेले स्वातंत्र्यसैनिक गोविंदराव पानसरे आणि शोएबुल्ला, ही दोन नावं एका दमात सांगितली तर मुलाला कळतं की भांडण धर्माचं नव्हतं, राजवटीशी होतं. बाप गप्प राहिला तर ही जागा मोबाइलवरचे फॉरवर्ड भरून काढतात.

स्पष्टवक्ता
शोएबुल्लांचं पटलं. पण असं सांगणारे बाप किती? बहुतेकांना पानसरेही ठाऊक नसतात. म्हणून म्हणतो, समारंभ सोडू नका. तिथे निदान खोटं तरी शिकवलं जात नाही.

दोरीवाला
तुमच्या वादात पडत नाही, पण झेंडा बांधण्याबद्दल बोलतो, कारण सप्टेंबर म्हणजे पाऊस. सुती दोरी भिजली की फुगते, कप्पीत अडकते. नायलॉनची घ्या, लांबी खांबाच्या उंचीच्या दुपटीपेक्षा दोन-तीन हात जास्त. घडी करताना झेंडा लांबीत दोनदा दुमडा, मग मोकळ्या टोकाकडून दोरीच्या बाजूला गुंडाळत या. त्यावर दोरीचा एकच फास, ओढला की सुटणारा. माणसं भीतीपोटी दुसरी गाठ मारतात आणि मग वर झेंडा तसाच गुंडाळलेला लटकत राहतो, खाली सगळे माना वर करून उभे. पाकळ्या मूठभर आणि कोरड्याच घाला, ओल्या कापडाला चिकटतात. रात्रीच एकदा ओढून बघा, सुटला तर पुन्हा बांधा. हे मूल एकदा स्वतः करून बघेल, तर भाषणापेक्षा जास्त लक्षात ठेवेल. इथे मी गोदाकाठ यांच्या बाजूचा.

स्पष्टवक्ता
हे मान्य, यात द्वेषाला जागाच नाही. एक भर घालतो : उतरवण्याचं कामही मुलालाच द्या. ओला झेंडा घडी करून ठेवू नका, बुरशीचे डाग पडतात. सावलीत वाळवा. फाटला असेल तर कचऱ्यात टाकायचा नाही. ध्वजसंहितेप्रमाणे तो खाजगीत, सन्मानाने, शक्यतो जाळून नष्ट करायचा. वडिलांनी तेही मुलासमोर करावं.